न्यायमूर्ती सेसिलिया मुन्योस-पाल्मा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे फिलिपिन्स म्हटलं की इमेल्डा मार्कोसचे बूट आठवतात, फार तर कोरी अ‍ॅक्विनोंचा पिवळा पोशाख. त्याच काळातल्या, त्याच मनिलातल्या एका न्यायाधीश बाईंबद्दल मराठीत जवळजवळ काहीच लिहिलेलं सापडत नाही. मी कुठेही त्यांचं नाव काढलं की ठरावीक प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एकदा एका जागी लिहून ठेवतो.

या बाई कोण, थोडक्यात सांगा.

फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती. जन्म 22 नोव्हेंबर 1913, बटांगस प्रांतातला. निधन 2 जानेवारी 2006. ऑक्टोबर 1973 मध्ये राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमलं, तेव्हा देशात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा होता. पुढच्या पाच वर्षांत त्याच मार्कोसच्या विरोधात निकालपत्रं लिहिणाऱ्या मोजक्या न्यायमूर्तींमध्ये त्या होत्या. निवृत्तीनंतर संसदेत विरोधी बाकावर बसल्या आणि मार्कोस पळून गेल्यावर नवी राज्यघटना लिहिणाऱ्या आयोगाच्या अध्यक्ष झाल्या. आज फिलिपिन्समध्ये लागू असलेली घटना ती हीच.

नाव कसं वाचायचं? मुनोझ की मुन्योस?

मुन्योस. स्पॅनिशमध्ये 'न'च्या डोक्यावर जी नागमोडी रेघ असते, तिचा उच्चार 'न्य' होतो. मुन्योस हे माहेरचं आडनाव, पाल्मा सासरचं. पती रोडोल्फो पाल्मा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं. फिलिपिनो पद्धतीत मधल्या जागी आईचं माहेरचं आडनाव येतं आणि लग्नानंतर बहुतेक बायका तिथे स्वतःचं माहेरचं आडनाव ठेवतात. त्यामुळे कागदोपत्री माहेर पुसलं जात नाही. त्यांचे वडील पाब्लो मुन्योस हे बटांगसचे लोकप्रतिनिधी होते, त्या आडनावाला त्या भागात वजन होतं.

म्हणजे त्या देशातल्या पहिल्या महिला न्यायाधीश?

नाही, आणि ही चूक इतकी पसरलेली आहे की ती आधी मोडायला हवी. तो मान नातिविदाद आल्मेडा-लोपेझ यांचा. 1892 साली जन्मलेल्या या बाई 1914 मध्ये वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होऊन फिलिपिन्सच्या पहिल्या महिला वकील झाल्या आणि 1934 मध्ये मनिलाच्या नगर न्यायालयात न्यायाधीश म्हणून बसल्या. अपील न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायमूर्तीही त्याच. मुन्योस-पाल्मा तिथे 1968 मध्ये पोचल्या, दुसऱ्या म्हणून.

मुन्योस-पाल्मांच्या नावावर तीन 'पहिल्या' आहेत : क्वेझॉन सिटीच्या पहिल्या महिला सरकारी वकील (1947), देशातल्या पहिल्या महिला जिल्हा न्यायाधीश (1954) आणि सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती (1973). वकिलीच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या पहिल्या महिला त्या होत्या असंही लिहिलं जातं. तेही चूक. तेक्ला सान आंद्रेस 1930 मध्येच पहिल्या आल्या होत्या.

वकिलीच्या परीक्षेत पहिलं येण्याचं एवढं काय?

आपल्याकडे दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीचं जे कौतुक असायचं, ते तिथे वकिलीच्या परीक्षेचं आहे. पहिल्या दहा जणांची नावं वर्तमानपत्रात छापून येतात. पहिल्या आलेल्याला 'टॉपनॉचर' म्हणतात आणि ही पदवी माणसाला जन्मभर चिकटते. मृत्युलेखातसुद्धा तिचा उल्लेख असतो. मुन्योस-पाल्मा युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपिन्समधून कायदा शिकल्या आणि 1937 मध्ये 92.6 टक्के मिळवून पहिल्या आल्या. पुढे त्यांनी अमेरिकेत येल विद्यापीठातून एलएलएम केलं.

1937 हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. 1935 च्या घटनेने बायकांच्या मताधिकाराला एक अट घातली होती : बायकांनीच सार्वमतात मत द्यायचं आणि किमान 3 लाख होकार पडले तरच हक्क मिळणार. पुरुषांना असली परीक्षा कोणी कधी घेतली नव्हती. 30 एप्रिल 1937 रोजी ते सार्वमत झालं आणि होकार पडले 4,47,725. तेव्हा देशातल्या बायकांना मत देण्याचा हक्क आणि या बाईंना वकिलीची सनद, दोन्ही एकाच वर्षातलं.

सर्वोच्च न्यायालयापर्यंतचा रस्ता कसा होता?

सरकारी वकिलाला तिथे 'फिस्कल' म्हणतात. शब्द स्पॅनिश राजवटीतून राहिलेला. 1947 मध्ये त्या फिस्कल झाल्या. 1954 मध्ये 'कोर्ट ऑफ फर्स्ट इन्स्टन्स'वर नेमणूक झाली. नावावरून हे खालचं कोर्ट वाटतं, पण हे आपल्या जिल्हा व सत्र न्यायालयासारखं. खून, दरोडा, जमिनीचे मोठे दावे सगळं तिथे चालायचं. पहिली नेमणूक नेग्रोस ओरिएंतालला, म्हणजे मनिलापासून समुद्रापलीकडच्या बेटावर. मग लागुना, मग रिसाल. चौदा वर्षं खालच्या कोर्टात काढून त्या अपील न्यायालयात गेल्या.

या चौदा वर्षांबद्दल कोणी फारसं विचारत नाही. मला मात्र ती महत्त्वाची वाटतात. फिलिपिन्समध्ये ज्युरी नसते. साक्षीदार खरं बोलतोय की नाही, हे न्यायाधीशानेच त्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचं. घाबरलेला माणूस 'हो' कसा म्हणतो, हे ज्याने वर्षानुवर्षं समोरून पाहिलंय, त्याला भीतीच्या छायेतल्या 'हो'ची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. पुढे त्यांनी सार्वमतावर जे लिहिलं ते वाचताना मला नेहमी हे आठवतं.

मार्कोसने नेमलं, म्हणजे मार्कोसचाच माणूस ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि रास्त आहे. अपील न्यायालयात 1968 साली आणि सर्वोच्च न्यायालयात 1973 साली, दोन्ही नेमणुका मार्कोसच्या काळातल्या. त्या वर्षी नव्या घटनेने न्यायमूर्तींची संख्या 15 केली होती, जागा रिकाम्या होत्या, आणि देशाच्या इतिहासातल्या पहिल्या महिलेला सर्वोच्च न्यायालयात बसवणं हे राजवटीला शोभेसाठी हवंच असणार. हा माझा अंदाज आहे.

पण शोभेसाठी ठेवलेली वस्तू बोलायला लागली. 1973 च्या घटनेतल्या संक्रमणकालीन तरतुदींनुसार राष्ट्राध्यक्ष पदावरच्या न्यायाधीशांच्या जागी दुसरे नेमू शकत होते. एवढी टांगती तलवार असताना लिहिलेला विरोध आहे हा.

मार्शल लॉमध्ये कोर्टं चालू होती?

चालू होती, आणि तीच मार्कोसची चतुराई होती. सप्टेंबर 1972 मध्ये मार्शल लॉ आला, संसदेला कुलूप लागलं, वर्तमानपत्रं बंद झाली, निनॉय अ‍ॅक्विनोंसारखे विरोधी नेते तुरुंगात गेले. सर्वोच्च न्यायालय मात्र उघडं ठेवलं. मार्कोस स्वतः वकील, तोही टॉपनॉचर. प्रत्येक गोष्टीला कायद्याचा शिक्का हवा, ही त्याची हौस.

नवी घटना कशी मंजूर झाली ते पाहा. जानेवारी 1973 मध्ये गावोगावी, वस्त्यावस्त्यांमध्ये 'नागरिक सभा' भरवल्या. पंधरा वर्षांवरच्या सगळ्यांना बोलावलं. मतपेटी नाही, गुप्त मतदान नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर हात वर करायचा. सरकारने आकडा जाहीर केला : बाजूने 1,49,76,561, विरोधात 7,43,869. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 31 मार्च 1973 च्या निकालात बहुसंख्य न्यायमूर्तींना घटना रीतसर मंजूर झाली असं वाटत नव्हतं, तरी शेवटचं वाक्य असं आलं की ती अमलात असल्याचं मानायला आता न्यायालयीन अडथळा उरलेला नाही. सरन्यायाधीश रोबेर्तो कॉन्सेप्सिऑन यांनी त्यानंतर मुदतीआधीच निवृत्ती घेतली. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

मुन्योस-पाल्मा सात महिन्यांनी त्या न्यायालयात आल्या.

त्यांनी विरोधात नेमकं लिहिलं काय?

पहिला ठळक प्रसंग जानेवारी 1975 चा. मार्कोसने फेब्रुवारीत एक सार्वमत ठेवलं होतं, त्याला तुरुंगातल्या निनॉय अ‍ॅक्विनोंनी आणि इतरांनी आव्हान दिलं. न्यायालयाने याचिका फेटाळली. मुन्योस-पाल्मा बाईंनी स्वतंत्र मत लिहिलं. त्याचा आशय असा : मार्शल लॉखाली घेतलेल्या सार्वमताला फारसं मोल देता येत नाही, कारण ते भीतीच्या वातावरणात होतं, माणसाचं स्वातंत्र्य, बोलण्याचा आणि एकत्र जमण्याचा हक्क, कुठे राहावं-कुठे जावं याची मोकळीक, हे सगळं आखडलेलं असताना दिलेलं मत मोकळं नसतं.

दुसरा प्रसंग त्याहून मोठा. 'सानिदाद विरुद्ध निवडणूक आयोग', निकाल 12 ऑक्टोबर 1976. पाब्लो सानिदाद आणि त्यांचा मुलगा पाब्लितो अशी बापलेकांची याचिका. मार्कोसने हुकूम काढून 16 ऑक्टोबरला सार्वमत ठेवलं होतं आणि त्यात घटनादुरुस्तीचे प्रस्ताव स्वतःच घातले होते. घटनेत दुरुस्ती सुचवण्याचा अधिकार होता संसदेला, घटना परिषदेला, किंवा संक्रमणकाळापुरता हंगामी संसदेला. राष्ट्राध्यक्षाचं नाव त्या यादीत नव्हतं. आणि हंगामी संसद? ती मार्कोसने कधी बोलावलीच नव्हती.

आता युक्तिवादाची गंमत बघा. सरकार म्हणालं, हंगामी संसद अस्तित्वात नाही. तिचं कायदे करण्याचं काम राष्ट्राध्यक्षच करतात. तेव्हा दुरुस्ती सुचवण्याचं कामही त्यांनीच करायचं. म्हणजे ज्याने दाराला कुलूप घातलं, तोच म्हणतोय की दार बंद आहे म्हणून मी खिडकीतून आलो. बहुमताने हे मान्य केलं आणि वर लोकांच्या सार्वभौमत्वाचा दाखला दिला : शेवटी मत तर जनताच देणार आहे ना?

दहा न्यायमूर्तींपैकी आठ एका बाजूला. विरोधात दोन : क्लाउदिओ तीहांकी आणि सेसिलिया मुन्योस-पाल्मा. त्यांचं म्हणणं, घटना बदलायची वाट घटनेतच आखून दिली आहे आणि ती सोडून चालण्याची मुभा कोणालाच नाही. भीतीच्या वातावरणातल्या मतदानाचा मुद्दा बाईंनी इथेही सोडला नाही.

चार दिवसांनी मतदान सुरू झालं. त्यातून जी सहावी दुरुस्ती आली तिने मार्कोसला असा अधिकार दिला की आणीबाणीचा धोका आहे किंवा संसद पुरेसं काम करत नाही असं त्याला वाटलं, की तो हुकूम काढू शकेल आणि तो हुकूम म्हणजे कायदा. पुढे मार्शल लॉ कागदावर उठला तरी ही दुरुस्ती राहिलीच.

पण दोन विरुद्ध आठ म्हणजे हरल्याच. मग उपयोग काय?

भारतीय वाचकाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. त्याच 1976 साली, एप्रिल महिन्यात, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात आणीबाणीत अटकेविरुद्ध दादच मागता येणार नाही असा निकाल दिला. चार विरुद्ध एक. बहुमतात पुण्याचे यशवंत चंद्रचूड होते, आणि एकटे हंसराज खन्ना विरोधात. 2017 मध्ये तो निकाल खोडून काढणाऱ्या नऊ जणांच्या पीठात यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. भिन्नमताचं पीक एवढ्या उशिरा येतं कधीकधी. मनिलात मात्र दहाच वर्षं लागली, ते खाली येतंच.

त्यांना त्रास झाला का? तुरुंग, राजीनामा?

तुरुंग नाही. 22 नोव्हेंबर 1978 ला 65 वर्षं पूर्ण झाली आणि त्या नियमाप्रमाणे निवृत्त झाल्या. सव्वा वर्षाने, जानेवारी 1980 च्या सार्वमतात, न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय 70 झालं. यात कोणाचा हेतू होता असं मी म्हणत नाही; तारखा तेवढ्या सांगतो.

राजकारणात का गेल्या? न्यायमूर्तींनी जावं का?

आपल्याकडेही हा वाद ताजाच असतो. माझं मत : निवृत्तीनंतर सरकारकडून पद घेणं आणि सरकारविरुद्ध लोकांपुढे मतं मागायला उभं राहणं, यात फरक करायला हवा. ऑगस्ट 1983 मध्ये निनॉय अ‍ॅक्विनोंची मनिला विमानतळावर हत्या झाली. मे 1984 च्या निवडणुकीत सत्तरीच्या या बाई क्वेझॉन सिटीतून बातासांग पाम्बान्सा, म्हणजे तिथल्या संसदेवर निवडून आल्या. जिथे 37 वर्षांपूर्वी सरकारी वकील होत्या तेच शहर. 1985 मध्ये विखुरलेल्या विरोधकांची मोट बांधण्यासाठी जी राष्ट्रीय एकीकरण समिती झाली तिच्या त्या अध्यक्ष होत्या. विरोधकांची मोट बांधणं हे फिलिपिन्समध्येही आपल्याइतकंच कठीण. दुसरा एक गट समांतर काम करत होताच.

1986 मध्ये नक्की काय झालं?

फेब्रुवारीत मार्कोस विरुद्ध निनॉयच्या पत्नी कोरी अशी निवडणूक, मतमोजणीत घोळ, लाखो लोक एड्सा या हमरस्त्यावर, मार्कोस हवाईला पळाला. 25 फेब्रुवारीला कोरी अ‍ॅक्विनोंनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. शपथ दिली क्लाउदिओ तीहांकी यांनी, सानिदादमधल्या त्याच दुसऱ्या विरोधकाने.

महिन्याभरात कोरींनी हंगामी घटना जाहीर करून जुनी संसद बरखास्त केली, त्यात मुन्योस-पाल्मांची स्वतःची खुर्चीही गेली. मग 48 जणांचा घटना आयोग नेमला. त्यात वकील होते, पाद्री होते, नन होत्या. चित्रपट दिग्दर्शक लिनो ब्रोका होते, ते मध्येच राजीनामा देऊन निघून गेले. मुदतीआधी घरी गेलेले सरन्यायाधीश कॉन्सेप्सिऑन होते. 2 जूनला पहिली बैठक, बरखास्त झालेल्या संसदेच्याच इमारतीत. अध्यक्षपदी मुन्योस-पाल्मा.

आयोगाने घटनेचा मसुदा मंजूर केला ती तारीख 12 ऑक्टोबर 1986. सानिदादचा निकाल 12 ऑक्टोबर 1976 चा. बरोबर दहा वर्षं, दिवससुद्धा तोच. हा योगायोग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तारीख चुकली असेल म्हणून दोनदा तपासली. 2 फेब्रुवारी 1987 च्या सार्वमतात तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांनी या घटनेला होकार दिला. या वेळी हात वर करून नव्हे.

त्या घटनेत त्यांच्या जुन्या भिन्नमतांचं काही उतरलं का?

48 जणांनी लिहिलेल्या घटनेतलं कुठलं कलम कोणाचं हे सांगणं धोक्याचं असतं. न्यायपालिकेच्या कलमावर कॉन्सेप्सिऑन यांचा हात होता हे नोंदलेलं आहे. पण मार्शल लॉचे घाव कुठे भरायला घेतले ते उघड दिसतं.

सातव्या प्रकरणाचं अठरावं कलम घ्या. राष्ट्राध्यक्ष मार्शल लॉ लावू शकतो, पण तो 60 दिवसांपुरता. 48 तासांत संसदेला अहवाल द्यायचा. संसद तो रद्द करू शकते. कोणीही नागरिक सर्वोच्च न्यायालयात जाऊन विचारू शकतो की याला आधार काय, आणि न्यायालयाने 30 दिवसांत निकाल द्यायचा. मार्शल लॉ लागला म्हणून घटना स्थगित होत नाही, कोर्टं चालू असताना साध्या नागरिकांना लष्करी न्यायालयापुढे उभं करता येत नाही. एकेक वाक्य म्हणजे 1972 ते 1981 मधल्या एकेका प्रकाराला बसवलेला अडसर आहे.

आठव्या प्रकरणाचं पहिलंच कलम न्यायालयांची एक जुनी पळवाट बुजवतं. 'हा राजकीय प्रश्न आहे, आम्ही त्यात पडणार नाही' असं म्हणून हात झटकता येत नाहीत; सरकारच्या कुठल्याही शाखेने अधिकाराचा गंभीर गैरवापर केला का हे तपासणं न्यायालयाचं कर्तव्यच ठरवलं आहे. न्यायाधीशांच्या नेमणुकीसाठी न्यायिक परिषद आली. राष्ट्राध्यक्षाला तिच्या यादीतूनच निवड करावी लागते. स्त्री-पुरुष कायद्यापुढे समान, हेही स्पष्ट शब्दांत आलं. उद्देशिकेत सत्य, न्याय, स्वातंत्र्य यांच्या रांगेत 'प्रेम' हा शब्द आहे. घटनेत प्रेम! पहिल्यांदा वाचताना हसू आलं होतं, कबूल करतो.

कागदावरचं कलम आणि प्रत्यक्ष यात अंतर असतंच. 2017 मध्ये राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेंनी दक्षिणेकडच्या मिंदानाओत मार्शल लॉ लावला, लोक या कलमाखाली न्यायालयात गेले, निकाल मुदतीत आला, आणि तो सरकारच्या बाजूने होता. तो मार्शल लॉ वाढत वाढत 2019 अखेरपर्यंत चालला.

त्यांच्यावर टीका होत नाही का?

होते. ज्या घटनेच्या मंजुरीवर इतकी शंका होती, तिच्याखालीच पाच वर्षं पद सांभाळलं, हा एक आक्षेप. त्या प्रत्येक खटल्यात विरोधात नव्हत्या हेही खरं. उतारवयात, 1998 ते 2000, राष्ट्राध्यक्ष एस्त्रादांनी त्यांना सरकारी लॉटरी चालवणाऱ्या धर्मादाय संस्थेचं अध्यक्षपद दिलं. घटना लिहिणाऱ्या बाई लॉटरीच्या कचेरीत, हे अनेकांना खटकलं. मलाही खटकतं.

त्यांच्यानंतर किती महिला आल्या?

1979 मध्ये लगेच अमेउर्फिना मेलेन्सियो-हेरेरा आल्या. त्या पहिले राष्ट्राध्यक्ष एमिलिओ अग्विनाल्दो यांच्या नात. मग रांग लागली. 2012 मध्ये मारिया लूर्देस सेरेनो पहिल्या महिला सरन्यायाधीश झाल्या, आणि 2018 मध्ये त्यांच्याच सहकाऱ्यांनी 8 विरुद्ध 6 मतांनी त्यांची नेमणूक अवैध ठरवून त्यांना घरी पाठवलं. ती कहाणी वेगळी, आणि कडू.

भारताशी तुलना केली तर?

फिलिपिन्स 1973, अमेरिका 1981, भारत 1989 (फातिमा बीवी). ज्या अमेरिकेने फिलिपिन्सला आधुनिक कोर्टं दिली, तिच्याही आठ वर्षं आधी. मुन्योस-पाल्मा निवृत्त झाल्या त्या 1978 साली मुंबई उच्च न्यायालयाला पहिली महिला न्यायमूर्ती मिळाली : सुजाता मनोहर.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयावर निवडून आल्या त्या याच का?

नाही, त्या मिरियम डेफेन्सर सांतियागो. 2011 मध्ये निवडून आल्या, पण आजारपणामुळे तिथे बसल्याच नाहीत. दोघींची नेहमी गल्लत होते.

त्यांचं लिखाण वाचायचं असेल तर कुठून सुरुवात करू? फिलिपिनो भाषा यावी लागते का?

लागत नाही. फिलिपिन्सचं सर्वोच्च न्यायालय निकाल इंग्रजीत लिहितं आणि जुने निकाल इंटरनेटवर फुकट मिळतात. सानिदाद उघडा. आधी बहुमताचं निकालपत्र येईल, मग एकेक न्यायमूर्तीचं स्वतंत्र मत. ते लांबलचक आहे, कंटाळा येईल. थेट खाली जा आणि तीहांकी व मुन्योस-पाल्मा ही दोन नावं शोधा. ती वाचून झाल्यावर वर येऊन बहुमताचं वाचा. उलट्या क्रमाने वाचलं की जास्त कळतं.